पंचगंगेवरचा निळा पूल

पहिल्या दिवशी माझ्या कागदावर निळा पूल उमटला. तसा काढायचा बेत नव्हता.

एप्रिल संपत आला होता. सकाळी लॉजवरून निघताना तिथल्या काकूंनी हातात एक भलीमोठी केशरी छत्री कोंबली. "उन्हाचं नदीवर बसतासा, न्या की!" नाही कसं म्हणणार? कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर छत्री उघडून बसले आणि समोरच्या शिवाजी पुलाच्या दोनच कमानी धरल्या. अख्खा पूल एका कागदावर मावत नाही, आणि मावला तरी त्याची फणी होते.

भानगड अशी, की केशरी छत्रीखाली पांढरा कागदही केशरी होतो. डोळ्याला त्याची दोन मिनिटांत सवय होते आणि हात मात्र दर मिश्रणात चिमूटभर जास्त अल्ट्रामरिन, म्हणजे गडद निळा, घालत राहतो. साडेदहाला छत्री मिटली तर कागदावरचा पूल शाईच्या दौतीतून काढल्यासारखा. पोहून आलेलं एक पोरगं केसांतलं पाणी माझ्या पॅलेटवर झाडत म्हणालं, "ताई, पूल निळा कवा झाला वो?"

आउटडोअरला छत्री न्यायची तर काळी किंवा करडी, हे त्या दिवशी शिकले. जेजे कला महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे ठाऊक असतं म्हणा.

दुपारी बाहेर बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून टाउन हॉल म्युझियम गाठलं. तिथे दोन गोष्टी पाहायच्याच होत्या. एक म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती. ती सापडली ब्रह्मपुरीच्या टेकाडात, म्हणजे मी सकाळी बसले होते त्याच्या शेजारीच. 1945-46 मध्ये तिथे उत्खननही झालं. हेच टेकाड संरक्षित असल्यामुळे नव्या पुलाचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं. 1870 च्या दशकातला अरुंद दगडी शिवाजी पूल तोवर रत्नागिरी रस्त्याची सगळी वाहतूक वाहत राहिला. जानेवारी 2018 मध्ये त्याचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत पडली आणि 13 माणसं गेली. आता शेजारी नवा पूल उभा आहे. चित्रात तो घेतला नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तो जात नाही.

दुसरी गोष्ट आबालाल रहिमान. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार कोल्हापूरचीच तळी, घाट, झाडं रंगवत राहिला. महाराज गेल्यावर त्याने आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली असं सांगतात. माझं निळं चित्र पंचगंगेत सोडायचा विचार माझ्याही मनात आला होता, पण नदीत आधीच पुरेसं केंदाळ आहे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बिनछत्रीची हजर. या वेळी आधी सावल्या घेतल्या. उन्हाळ्यात सावली अर्ध्या तासात जागा सोडते, म्हणून तिची हद्द पेन्सिलीने आखून टाकायची आणि नंतर ती कुठेही जावो, आपण आपल्या रेषेशी इमान राखायचं. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तर ब्रश उचलेपर्यंत वाळतो. कागद मागूनही ओला केला तेव्हा कुठे कडा मऊ राहिल्या.

काळा दगड काळ्या रंगाने होत नाही. बर्न्ट सिएनाच्या तांबूस तपकिरीत अल्ट्रामरिन मिसळलं की तो जवळपास येतो. उन्हातला भाग तर चक्क उबदार, भाजक्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा. खरी मजा कमानीच्या पोटात. राजाराम बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबून निवांत राहतं. त्यावर पडलेलं ऊन उलटं वर जातं आणि कमानीच्या आतल्या दगडांवर पिवळसर जाळी हलत राहते. सावलीतला सगळ्यात गडद भाग खाली असेल असं वाटतं, पण तो असतो वर, कठड्याखालच्या पट्टीत. हे दिसायला मला पाऊण तास लागला.

खांबांवर एक फिकट पट्टा दिसत होता. ऊन समजून मी तो पिवळसर सोडला. म्हशी धुवायला आलेले एक आजोबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "ते ऊन न्हवं. पाण्यानं रंग खाल्लाय. दर पावसाळ्यात न्हाऊन निघतंय त्ये." इथे राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी 39 फुटांना गेली की इशारा आणि 43 फुटांना धोका, 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. "तवा ह्या पायऱ्याच दिसत न्हवत्या, तुमी बसलायसा त्या."

पट्ट्यावर पातळ करडा हात फिरवला. पूल एकदम जड झाला, पाण्यात पाय रोवून उभा राहिल्यासारखा. आजोबा तरी हलेनात.

"समदं काढलंसा, आन् माझ्या म्हशी?"

म्हशी हलतात म्हणून सोडल्या होत्या, हे सांगायचा धीर झाला नाही. उरलेल्या गडद रंगात ब्रश टेकवून पाण्यात तीन डोकी काढली, शिंगांसकट. त्यांनी वाकून बोटाने मोजली.

"चार हाईत."

चौथीला जागा नव्हती. तिला कमानीच्या सावलीत बुडवली, फक्त शिंगं वर ठेवली.