बझर वाजला, पण एमसीबी उडतच राहिला

पार्ट धुवायच्या टाकीचा हीटर, 3 किलोवॅटचा, सिंगल फेज. तक्रार एकच, चालू केला की अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालतो आणि मग 16 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप सप्लाय तोडणारा स्विच) उडतो. लगेच वर केला तर परत खाली, थोडा वेळ थांबून वर केला की परत अर्धा तास निवांत. त्या दिवसापर्यंत एमसीबी एकदा बदलून झाला होता, हीटरही बदलून झाला होता, आणि हीटर बदला असं सांगणारा मीच होतो.

सुपरवायझर साहेबांचं म्हणणं की नवा हीटरही करंट जास्त खेचतोय. म्हटलं बघू, क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला, 12.8 अँपिअर. हीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज 225. भागाकार केला तर 17.6 ओहम. आता प्लेटवर लिहिलंय 230 व्होल्ट 3000 वॅट, म्हणजे व्होल्टेजचा वर्ग 52900, त्याला 3000 ने भागलं की 17.6 ओहमच येतं. हीटर अगदी प्लेटवर लिहिलाय तसाच होता. 225 गुणिले 12.8 म्हणजे 2880 वॅट, व्होल्टेज थोडं कमी म्हणून वॅटही थोडे कमी, यात वावगं काही नाही. (हे सरळ गुणाकाराचं गणित हीटरला चालतं, मोटरला नाही, तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो.) मग 12.8 ला 16 चा एमसीबी उडतोच कसा?

पहिल्या वेळी आलो होतो तेव्हा सप्लाय बंद करून सगळीकडे कंटिन्युइटी बघितली होती, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही ना ते, जोड असला की मीटरचा बझर वाजतो. सगळीकडे बझर वाजला, सगळे स्क्रू आवळून बघितले, एकही सैल नव्हता, म्हणून दोष हीटरचाच असं ठरवून मोकळा झालो. आता माझ्या मीटरचा बझर 30 ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही, फक्त तेव्हा आठवलं नाही. आणि ओहमच्या रेंजवर तरी काय दिसणार, नुसत्या दोन लीड एकमेकींना टेकवल्या तरी 0.3 दाखवतो, त्यात 0.5 आलं तर आपण मीटरलाच दोष देतो.

या वेळी एक आकडा टोचत होता. एमसीबीच्या वरच्या बाजूला 228 आणि हीटरवर 225. तीन व्होल्ट कुठे गेले? केबल लांब आहे, पडत असतील, असं म्हणून मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. पण एमसीबीचा खालचा टर्मिनल गरम लागत होता, बाजूच्या एमसीबीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून पॅनल उघडाच ठेवला, ग्लव्ज घातले आणि लोड चालू असतानाच मीटर व्होल्टच्या रेंजवर टाकून एक प्रोब एमसीबीच्या खालच्या स्क्रूवर आणि दुसरा त्याच वायरच्या दुसऱ्या टोकाला, टर्मिनल स्ट्रिपवर धरला. मधे जेमतेम एक मीटर वायर, 2.5 स्क्वेअरची (म्हणजे 2.5 चौरस मिलीमीटर जाडीची). इतकी तांब्याची वायर म्हणजे सात-साडेसात मिलीओहम, 12.8 अँपिअरला तिच्यावर 0.1 व्होल्टसुद्धा पूर्ण पडायला नको. मीटरवर आलं 2.5.

हेल्पर म्हणाला, "दादा, अडीच व्होल्टच तर आहेत, त्यानं काय होतंय?"

म्हटलं गुणाकार कर. 2.5 गुणिले 12.8, बरोबर 32. म्हणजे 32 वॅट. आपली सोल्डरिंग आयर्न किती वॅटची असते? साधारण 25-35. म्हणजे एमसीबीच्या पायाशी कुणीतरी सोल्डरिंग आयर्न चालू करून टेकवून ठेवलीय आणि आपण विचारतोय हा उडतो का म्हणून. 16 अँपिअरच्या एमसीबीला पूर्ण करंटला स्वतःत जास्तीत जास्त 3.5 वॅट जाळायची परवानगी असते, इथे त्याच्या नऊ पट उष्णता त्याच्या पायाशीच तयार होत होती. आतल्या बायमेटल पट्टीला काय कळणार गरमी करंटची आहे का जॉइंटची, ती वाकते आणि ट्रिप करते. अर्धा तास लागायचा तो हाच, सगळं हळूहळू तापायला. आणि 2.5 भागिले 12.8 म्हणजे 0.2 ओहमच्या आसपास, एवढ्याशा रेझिस्टन्सने सगळ्यांना नाचवलं.

सप्लाय बंद केला, लॉक लावलं, वायर सोडवली. स्क्रू खरंच घट्ट होता, पण आवळला होता वायरच्या प्लास्टिकवर! सोललेलं तांबं जेमतेम दोन मिलीमीटर टर्मिनलला लागत होतं, बाकी सगळा जोर पीव्हीसीवर. वायर मुळातच आखूड, ढील नाही, त्यामुळे एमसीबी बदलणाऱ्यानेही ती सोलायच्या फंदात न पडता होती तशीच ओढून घुसवली असणार. टोकाचं तांबं काळं पडून ठिसूळ झालेलं, प्लास्टिक तपकिरी होऊन बोटाने दाबलं की भुगा. तो तुकडा टाकून स्ट्रिपपासून नवी वायर ओढली, नीट सोलली, आणि तापून निघालेला एमसीबीही बदलला. परत लोड दिला आणि त्याच दोन जागी प्रोब धरले, 0.1 व्होल्ट. म्हणजे सव्वा वॅट. दोन तास तिथेच बसून राहिलो, एमसीबी हलला नाही.

निघताना स्क्रॅपच्या रॅकवर मी बदलायला लावलेला जुना हीटर दिसला. राहवलं नाही, मीटर लावला. 17.8, त्यातून लीडचे 0.3 वजा, साडेसतरा. मेगरलाही (इन्सुलेशन तपासायचं मीटर) ठणठणीत.

साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "हा चांगला आहे ना?"

मी म्हटलं, "हो साहेब, स्पेअर म्हणून ठेवा," आणि लीड गुंडाळायला लागलो.