सांगलीच्या हळद-बेदाणा भाव ॲपमध्ये चालू रिक्वेस्ट रद्द करणे : माझा अनुभव

'राजापुरी' हे हळदीच्या जातीचे नाव इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहायला ८ कळा दाबाव्या लागतात : र, काना, ज, काना, प, उकार, र, वेलांटी. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे आणि बेदाण्याचे भाव दाखवणाऱ्या अँड्रॉइड ॲपच्या शोधचौकटीत प्रत्येक कळेला सर्व्हरकडे एक रिक्वेस्ट (माहितीची मागणी) सुटत होती. पुढची कळ दाबली की आधीची रिक्वेस्ट रद्द करायची, अशी ओळ कोडमध्ये होती. तरीही शीतगृहात, जाड भिंतीआड रेंज कमी झाली की शोध अडकायचा. मी तिथूनच सुरुवात केली.

ॲप व्हॉली या लायब्ररीवर (इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या तयार कोडवर) होते. व्हॉलीचे 'कॅन्सल' एक आश्वासन पक्के पाळते : रद्द केल्यावर तुमचा कॉलबॅक (उत्तर आल्यावर चालणारे फंक्शन) येणार नाही. मात्र रस्त्यावर असलेली रिक्वेस्ट ते तोडत नाही. रांगेतली असेल तर तिचा नंबर आल्यावर टाकून देते. सुटलेली असेल तर पूर्ण होऊ देते आणि उत्तर देण्याच्या क्षणी फेकते. व्हॉलीत नेटवर्कचे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) मुळात ४ असतात. म्हणजे पहिल्या ४ कळांच्या रिक्वेस्ट चारही थ्रेड अडवून बसल्या, पुढच्या ३ रांगेतच मेल्या, आणि जिचे उत्तर खरोखर हवे ती आठवी दारात उभी राहिली. आधीच्या चौघींपैकी एखादीला उत्तर मिळेल किंवा तिचा टाइमआउट होईल (मुदत संपेल), तेव्हाच आठवी सुटणार.

म्हणून लायब्ररी निवडण्याआधी मी 'रद्द' या एका शब्दाचे तीन अर्थ वेगळे केले. पहिला, उत्तराकडे दुर्लक्ष करणे. दुसरा, जोडणी किंवा प्रवाह तोडून फोनचे काम थांबवणे. तिसरा, सर्व्हरवर सुरू झालेले काम थांबवणे. व्हॉली पहिले करते. रेट्रोफिट ही लायब्ररी आणि त्याखालचे ओकेएचटीटीपी दुसरे करते. तिसरे कोणतीही मोबाइल लायब्ररी स्वतःहून करत नाही. ते सर्व्हरच्या कोडमध्ये लिहावे लागते. पुढच्या बहुतेक चुका हे तीन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

ॲप रेट्रोफिटवर आणताना मी कॉलबॅकऐवजी सस्पेंड फंक्शन (थ्रेड न अडवता वाट पाहू शकणारे कोटलिन भाषेतले फंक्शन) घेतले. २०१९ च्या २.६.० आवृत्तीपासून त्याला थेट आधार आहे. असे फंक्शन ज्यात चालते ती कोरूटीन (मध्येच थांबवता येणारे हलके काम) रद्द झाली की रेट्रोफिट आतल्या कॉलवर स्वतः कॅन्सल करते, वेगळी ओळ लागत नाही. शोधासाठी चौकटीतला मजकूर फ्लोमध्ये (एकामागून एक येणाऱ्या मूल्यांच्या प्रवाहात) घेतला, त्यावर डिस्टिंक्ट-अंटिल-चेंज्ड (तोच मजकूर लागोपाठ आला तर गाळणारे) आणि मग फ्लॅटमॅप-लेटेस्ट (नवे मूल्य आले की आधीचे काम रद्द करणारे) लावले. ३०० मिलिसेकंदांचा थांबा मी बाहेर डिबाउन्स (टायपिंग थांबेपर्यंत मूल्य पुढे न सोडणे) म्हणून ठेवला नाही, फ्लॅटमॅप-लेटेस्टच्या आत डिले म्हणून ठेवला. फरक छोटा दिसतो पण कामाचा आहे. डिबाउन्स बाहेर असेल तर नवी कळ दाबल्यावरही जुनी रिक्वेस्ट आणखी ३०० मिलिसेकंद जिवंत राहते आणि तेवढ्यात तिची यादी पडद्यावर येऊ शकते. डिले आत असेल तर पहिल्याच कळेला जुनी तुटते, आणि नवी मात्र थांबूनच सुटते.

इथे एक खड्डा आहे. चूक पकडणारा कॅच-ऑपरेटर आतल्या फ्लोवर हवा, बाहेरच्या साखळीच्या शेवटी नको. बाहेर ठेवलात तर एकदा रेंज गेली की आयओ-एक्सेप्शनने (नेटवर्क तुटल्याच्या चुकीने) पूर्ण साखळी संपते. त्यानंतर शोधचौकटीत काहीही लिहा, रिक्वेस्ट सुटतच नाही, आणि पडदा बंद करून पुन्हा उघडेपर्यंत कारण कळत नाही.

सर्वात जास्त वेळ कॅन्सलेशन-एक्सेप्शनने खाल्ला. कोटलिनमध्ये कोरूटीन रद्द होणे हे या एक्सेप्शननेच वरच्या कोडपर्यंत पोचते. नेटवर्कच्या चुका पकडायला कोणी सरसकट 'एक्सेप्शन' पकडले, की रद्द झाल्याचा निरोपही तिथेच गिळला जातो. रन-कॅचिंग हे कोटलिनचे तयार फंक्शनही तेच करते, आणि ते दिसायला इतके नेटके असते की शंका येत नाही. ॲपमध्ये भाव दर ३० सेकंदांनी ताजे करणारा लूप होता. आणण्याची ओळ आणि डिले, दोन्ही एकाच ट्राय-ब्लॉकमध्ये (ज्यातल्या चुका कॅच पकडतो त्या भागात). पडदा बंद झाला की कोरूटीन रद्द, मग आणण्याची ओळ लगेच एक्सेप्शन फेकते, कॅच ते गिळते, लूप पुन्हा वर जातो. थांबा म्हणून ठेवलेल्या डिलेपर्यंत पोचतच नाही, आणि पोचला असता तरी रद्द कोरूटीनमध्ये डिलेही थांबत नाही, तोही फेकतो. परिणाम : पडदा नाही, काम नाही, आणि प्रोसेसर पूर्ण वेगाने फिरतोय. दुरुस्ती दोन ओळींची. आधी कॅन्सलेशन-एक्सेप्शन वेगळे पकडून तसेच पुन्हा फेकायचे, मग आयओ-एक्सेप्शन पकडायचे. आणि लूपची अट 'ट्रू' न ठेवता 'इज-ॲक्टिव्ह' ठेवायची.

याचेच भावंड म्हणजे कामाला मुदत लावणारे विथ-टाइमआउट. वेळ संपल्यावर ते जे एक्सेप्शन फेकते ते कॅन्सलेशन-एक्सेप्शनचाच उपप्रकार आहे. वरचा नियम आंधळेपणाने लावला तर वेळ संपणे हे 'रद्द झाले' समजून गप्प बसले जाते आणि शेतकऱ्यासमोर गोल फिरत राहतो. मी तिथे विथ-टाइमआउट-ऑर-नल वापरले, ते एक्सेप्शनऐवजी नल (रिकामे मूल्य) देते. नल आला की 'पुन्हा प्रयत्न करा' दाखवायचे.

जुन्या काही ठिकाणी कॉलबॅकच राहिले. तिथे कॉल रद्द केल्यावर रेट्रोफिट ऑन-फेल्युअर (अपयशाचा कॉलबॅक) बोलावते. ते न तपासल्यामुळे माणूस मागचे बटण दाबून बाहेर पडला की 'इंटरनेट तपासा' असा टोस्ट (क्षणभर दिसणारा संदेश) यायचा. कॉल रद्द झाला का हे सांगणारे इज-कॅन्सल्ड तपासून गप्प बसावे, हे सगळे सांगतात. पण तेवढ्यावर थांबू नका. ओकेएचटीटीपीमध्ये पूर्ण कॉलची मुदत म्हणजे कॉल-टाइमआउट लावला असेल, तर मुदत संपल्यावर लायब्ररी आतून तोच कॅन्सल बोलावते, म्हणून तेव्हाही इज-कॅन्सल्ड खरे येते. मग खरी अडचण रद्द म्हणून लपते. ओळखायची खूण एक्सेप्शनमध्ये आहे : आपण रद्द केले तर साधे आयओ-एक्सेप्शन, मुदतीने तुटले तर इंटरप्टेड-आयओ-एक्सेप्शन. मी आधी प्रकार पाहतो, मग इज-कॅन्सल्ड. कनेक्ट, रीड आणि राइट यांच्या मुदती मुळात प्रत्येकी १० सेकंद असतात, कॉल-टाइमआउट मुळात बंद असतो. म्हणून हा प्रश्न तो स्वतः लावल्यावरच समोर येतो.

रद्द केल्यावर जागा मोकळी होते का, हेही पाहिले. ओकेएचटीटीपीचा डिस्पॅचर (कॉलांची रांग सांभाळणारा भाग) एका होस्टकडे (सर्व्हरकडे) एका वेळी ५ असिंक (पार्श्वभूमीत चालणारे) कॉल सोडतो, एकूण ६४. ॲपमध्ये पुन्हा प्रयत्न करणारा एक इंटरसेप्टर (प्रत्येक कॉल ज्यातून जातो असा कोड) होता : आयओ-एक्सेप्शन आले की २ सेकंद थ्रेड झोपवायचा आणि परत पाठवायचे, असे ३ वेळा. रद्द कॉल परत पाठवला की तो लगेच पुन्हा फेकला जातो, त्यामुळे नेटवर्कवर काही जात नाही. पण त्या ३ झोपांचे ६ सेकंद ५ पैकी १ जागा अडलेली राहते. असे ५ रद्द कॉल जमले की व्हॉलीच्या काळातलीच स्थिती. इंटरसेप्टरमध्ये झोपण्याआधी चेनच्या कॉलवर इज-कॅन्सल्ड पाहून लगेच बाहेर पडायचे, एवढेच करावे लागले.

यानंतर लायब्ररी बरोबर चालत होती, तरी शिराळ्याच्या पश्चिमेकडे, डोंगराच्या बाजूला शोध मंदच होता. कारण सर्व्हरशी बोलणे एचटीटीपी १.१ वर होते. १.१ मध्ये चालू उत्तर मध्येच सोडण्याचा मार्ग एकच, सॉकेट बंद करणे. ती जोडणी पुन्हा वापरता येत नाही. फोन ते सर्व्हर आणि परत, अशी एक फेरी ३०० मिलिसेकंदांची धरा. नव्या जोडणीला टीसीपीची (जोडणी बांधण्याची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (ती सुरक्षित करण्याची) एक. म्हणजे रिक्वेस्ट निघण्याआधीच ६०० मिलिसेकंद गेले. टीएलएस १.२ असेल तर आणखी एक फेरी, ९००. शोधाचे उत्तर दोन-तीन किलोबाइटचे असेल तर ते येऊ देणे तोडण्यापेक्षा स्वस्त पडते! एचटीटीपी २ मध्ये फक्त त्या प्रवाहापुरती आरएसटी-स्ट्रीम नावाची छोटी सूचना (फ्रेम) जाते आणि जोडणी तशीच राहते. म्हणून आधी सर्व्हरवर एचटीटीपी २ सुरू करून घेतले. ओकेएचटीटीपी नेहमीच्या मांडणीत ते टीएलएसवरच वाटाघाट करून ठरवते, साध्या एचटीटीपी पत्त्यावर नाही. खरोखर लागू झाले का, हे रिस्पॉन्सच्या प्रोटोकॉल या गुणात दिसते. अंदाजावर सोडू नये.

दिवसभराच्या सौद्यांची पीडीएफ उतरवणे हे वेगळेच प्रकरण निघाले. मोठी फाइल म्हणून स्ट्रीमिंगची खूण लावली होती. अशा वेळी सस्पेंड फंक्शन हेडर (उत्तराची सुरुवातीची माहिती) आले की परत येते. तिथून पुढे बॉडी (उत्तराचा मुख्य भाग) वाचणे हे साधे अडवणारे वाचन असते. कोरूटीन रद्द करा, वाचन चालूच. ८ केबीच्या प्रत्येक तुकड्यानंतर एन्शुअर-ॲक्टिव्ह बोलावले तर अर्धे काम होते, पण रेंज गेल्यामुळे वाचनच अडकले असेल तर रीड टाइमआउटपर्यंत, म्हणजे १० सेकंद, काही हलत नाही. म्हणून इथे मी सस्पेंड सोडून कॉल हातात ठेवला. 'थांबवा' दाबले की आधी जॉब (कोरूटीन रद्द करण्याचा दुवा) रद्द, मग कॉल रद्द. क्रम उलटा केला तर आयओ-एक्सेप्शन आधी पोचू शकते, जॉब अजून जिवंत असतो आणि चुकीचा संदेश झळकतो. बॉडी प्रत्येक वाटेवर बंद करायची, नाहीतर ओकेएचटीटीपी जोडणी गळल्याचा इशारा लॉगमध्ये देते. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाल्यावरच नाव बदलायचे. मध्ये थांबली तर पुसायची.

रद्द करूच नये असेही काही असते. लॉगिनचे टोकन नवे करणारी रिक्वेस्ट पडद्याच्या स्कोपमध्ये (पडद्याबरोबरच संपणाऱ्या कक्षेत) होती. सर्व्हर दर वेळी रिफ्रेश टोकनही (नवे टोकन मागण्याची किल्ली) बदलून देतो. पडदा बंद झाला, रिक्वेस्ट तुटली, सर्व्हरने जुने टोकन बाद केले आणि नवे फोनपर्यंत आलेच नाही : आडत्याला पुन्हा लॉगिन. हे काम मी ॲपभर चालणाऱ्या स्कोपमध्ये हलवले. पडद्याची कोरूटीन त्याची वाट पाहते. ती रद्द झाली तर फक्त वाट पाहणे थांबते, काम नाही.

सौद्याची नोंद पाठवणारी पोस्ट रिक्वेस्टही तशीच. फोनवर तुटली म्हणजे सर्व्हरवर झाली नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. गेट (फक्त माहिती मागणारी) रिक्वेस्ट रद्द करून परत पाठवली तर काही बिघडत नाही. पोस्ट परत पाठवली तर एकाच पोत्याची दोनदा नोंद आणि पट्टीवर दुप्पट वजन. प्रत्येक नोंदीला फोनवरच एक यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक) दिला, तो हेडरमधून पाठवला, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा). तीच नोंद पुन्हा आली तर सर्व्हर नवी न करता जुनेच उत्तर देतो. पाठवण्याचे काम अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे (पडदा बंद झाला तरी काम पुढे नेणाऱ्या सोयीकडे) दिले. पडद्यावरचे 'रद्द करा' आता रिक्वेस्ट तोडत नाही. अजून रांगेत असेल तर काढून टाकते, सुटली असेल तर त्याच यूयूआयडीने नोंद मागे घेण्याची दुसरी रिक्वेस्ट पाठवते.

चाचणीला मॉक-वेब-सर्व्हर (नकली सर्व्हर) घेतला. थ्रॉटल-बॉडीने सेकंदाला १०२४ बाइट एवढाच वेग दिला, पहिला तुकडा आल्यावर रद्द केले, आणि थोड्या वेळाने डिस्पॅचरचे चालू व रांगेतले, दोन्ही आकडे ० आहेत का पाहिले. कॉलबॅक आला नाही एवढेच तपासले तर व्हॉलीचा जुना कोडही पास होतो. इथे कोरूटीनच्या चाचणीसाठीचे रन-टेस्ट वापरू नका : त्यातला वेळ आभासी असतो, डिले क्षणात उडी मारतात, पण ओकेएचटीटीपी खऱ्या थ्रेडवर खऱ्या वेळेत चालते. रन-ब्लॉकिंगने ही गल्लत होत नाही.

सर्व्हरकडची खूण एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळते. उत्तर तयार होण्याआधी ग्राहक निघून गेला की तिथे ४९९ हा कोड पडतो. 'राजापुरी' सावकाश, प्रत्येक कळेनंतर सेकंदभर थांबून लिहिले आणि उत्तर मुद्दाम ५ सेकंद उशिरा दिले, तर त्या एका शब्दासाठी ७ वेळा ४९९ आणि एकदा २०० (यशस्वी उत्तर) दिसायला हवे. नेहमीच्या वेगाने, दोन कळांत ३०० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर ठेवून लिहिले तर फक्त एक २००.