हे नक्की म्हणालं कोण?

ज्याला प्रेम लपवता येत नाही, मनातलं सगळं चेहऱ्यावर दिसतं, असा माणूस इंग्रजीत काळीज बाहीवर लावून हिंडतो. 'वेअरिंग युवर हार्ट ऑन युवर स्लीव्ह'. बहुतेक वेळा कौतुकानंच म्हणतात तसं. फेब्रुवारी आला की कार्डांवर, कॉफीच्या मगांवर, अगदी टी-शर्टच्या खऱ्याखुऱ्या बाहीवर लाल बदाम छापून हा भोळेपणा विकायलाही निघतो. आता हे वाक्य ज्याच्या तोंडून गाजलं तो भोळा जीव कोण, तर शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला खलनायक इयागो!

नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात तो रॉडरिगोला सांगतो की माझ्या पोटातलं बाहेर दिसायला लागलं, तर मी काळीज बाहीवर लावलंच म्हणून समज, मग कावळ्यांनी येऊन खुशाल टोचावं. आणि वर म्हणतो, मी दिसतो तो मी नव्हेच. म्हणजे हा पठ्ठ्या 'असला गाढवपणा मी करणार नाही' असं बजावतोय, आणि आपण तेच वाक्य बदाम काढून प्रेयसीला पाठवतोय. पुढे मत्सराला 'हिरव्या डोळ्यांचा राक्षस' म्हणणाराही हाच. म्हणतो कुणाला, तर ऑथेल्लोला, आणि म्हणतो कधी, तर त्याच्या मनात बायकोविषयी विष कालवता कालवता. वर मानभावीपणे 'जपा हं, महाराज' आहेच. देवलांनी १८९० साली हे नाटक 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं. काळीज बाहीवर लावायची पद्धत तेवढी आपल्याकडे रुजली नाही. आपल्या बाराबंदीला ती सोसलीही नसती.

इयागोचं हे कळलं तेव्हापासून मला खोडच लागली. प्रेमाबद्दल, मैत्रीबद्दल कुणी चमकदार इंग्रजी वाक्य फेकलं की मी आधी बघतो, हे म्हणालं कोण, कुणाला, आणि त्या वेळी त्याच्या हातात काय होतं.

हातात काय होतं, हे गंमत म्हणून नाही विचारत. 'लव्ह इज ब्लाइंड' घ्या. हे शेक्सपिअरच्या आधी चॉसर या जुन्या इंग्रजी कवीनंही लिहून ठेवलंय, पण लोकांच्या कानात बसलंय ते 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या जेसिकाचं. ही शायलॉक सावकाराची मुलगी. रात्री पुरुषी वेष करून प्रियकराबरोबर पळून चाललीये. खिडकीतून आधी बापाची पेटी खाली टाकते आणि म्हणते, झेल, वजनाचं चीज होईल. मग स्वतःच्या कपड्यांची लाज वाटून म्हणते की प्रेम आंधळं असतं, प्रेमिकांना आपले वेडेपणे दिसत नाहीत. एवढं बोलून पुन्हा आत जाते, कशाला, तर आणखी थोडी सोन्याची नाणी घ्यायला. प्रेम आंधळं असेल, जेसिकाला मात्र तिजोरी अंधारातही बरोबर सापडली.

मागे भाचीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेवर 'द कोर्स ऑफ ट्रू लव्ह नेव्हर डिड रन स्मूद' अशी ओळ सोनेरी अक्षरांत आली. दोघांच्या घरून आधी थोडा विरोध होता, त्यावरचा हा टोमणा. मला राहवलं नाही. तिला सांगितलं की बाई गं, हे म्हणतो तो शेक्सपिअरच्याच 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला लायसँडर. म्हणतो प्रेयसीला, हर्मियाला, आणि त्याच नाटकात रात्री जंगलात तिला झोपलेली सोडून हेलेनाच्या मागे धावत सुटतो. हर्मिया शोधत येते तर तिला बुटकी म्हणतो, मणी म्हणतो, ओकच्या झाडाचं बोंड म्हणतो. आता त्याच्या डोळ्यांत चुकून जादूचा रस पडला होता हे खरं, पण सोन्याच्या अक्षरांत छापावं इतका काही हा इसम भरवशाचा नाही.

"मामा, पत्रिका छापून आल्यात," भाची म्हणाली.

होणारे जावईबापू शेजारीच होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "शेवटी लग्न कुणाशी झालं त्याचं?"

"हर्मियाशीच."

"मग झालं तर!"

यावर मला काही बोलता आलं नाही. मुलगा चांगला आहे.

मैत्रीचंही तेच. पारखलेल्या मित्रांना पोलादी कड्यांनी जिवाशी जखडून ठेव, कुणाकडून उसने घेऊ नको आणि कुणाला देऊ नको, कारण पैसाही जातो आणि मित्रही जातो, हा उपदेश शाळांच्या भिंतींवर शोभेल असा आहे. तो करतो 'हॅम्लेट'मधला पोलोनियस, परदेशी निघालेल्या मुलाला. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावानं हे नाटक मराठीत केलं, तेव्हा हा उपदेशही आला आणि त्याच्या पुढचा भागही. पुढचा भाग असा की हाच बाप मुलाच्या मागावर पॅरिसला एक माणूस पाठवतो आणि त्याला शिकवतो की तिथल्या लोकांत पोराबद्दल थोड्या खोट्या कंड्या पिकव, म्हणजे खरं काय ते आपोआप बाहेर येईल. भिंतीवर पहिला भागच लावतात, हे बरंच आहे.

हे सगळे साहेबाचेच नमुने असं कुणी समजू नये. 'अ फ्रेंड इन नीड' म्हटलं की आपल्याला लगेच 'राजद्वारे श्मशाने च यस्तिष्ठति स बान्धवः' आठवतं. शोकसभेपासून निरोपसमारंभापर्यंत कुठेही चालतं ते. हितोपदेशात ते म्हणतं एक हरीण. फासात अडकलेलं. आणि म्हणतं कुणाला, तर ज्यानं गोड बोलून त्याला त्या शेतात आणून अडकवलं त्या कोल्ह्यालाच. कोल्ह्याचं उत्तर तर निरोपसमारंभात आवर्जून वाचून दाखवायला हवं. तो म्हणतो, मित्रा, हे पाश स्नायूंचे आहेत आणि आज रविवार, मी दात कसे लावू? संकटातल्या मित्राला व्रताचं कारण सांगणारा हा मला इयागोपेक्षाही वरचढ वाटतो.

मला वाटतं, जो खरा प्रेमात बुडालेला असतो त्याला वाक्यं सुचत नाहीत. नेटकी, गोळीबंद ओळ सुचायला काठावर कोरडं बसावं लागतं. इयागो माणसं वाचण्यात वाकबगार होता, म्हणून तर त्याचं चाललं.

अपवाद एकच सापडला. डेव्हिड क्रॉकेट, टेनेसीचा अस्वलं मारणारा शिकारी, पुढे अमेरिकन काँग्रेसचा सदस्य. १८३४ सालच्या आत्मचरित्रात तो तरुणपणीची हकीकत सांगतो. एका क्वेकर पंथाच्या माणसाकडे तो कामाला होता आणि त्याच्या घरी आलेल्या पुतणीच्या प्रेमात पडला, 'हेड ओव्हर हील्स', पार डोक्यावरून पाय. पुढचं वर्णन ऐकण्यासारखं आहे. आसपासचे सगळे डोंगर पैशाचे असते आणि माझे असते, तरी तिच्याशी धड बोलता यावं म्हणून देऊन टाकले असते, असं म्हणतो. बोलायचा विचार आला की काळीज डबक्यातल्या बदकासारखं फडफडायचं, आणि जोर करून तोंड उघडलं की ते थेट घशाशी येऊन गार बटाट्यासारखं अडकायचं.

कार्डं छापणाऱ्यांनी यातलं 'हेड ओव्हर हील्स' तेवढं उचललं. बदक आणि बटाटा कुणीच घेतले नाहीत. त्या मुलीनंही नाही. तिचं मालकाच्या मुलाशी आधीच ठरलेलं होतं.