५२ पीक, २४ चित्रं : आमची वाटचाल

इचलकरंजीत मजुरी पिकावर मोजतात. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावरून आमच्या गावात संप झालेत, मोर्चे निघालेत. आमच्या ॲनिमेशनच्या स्टुडिओत हिशेब सेकंदाचा. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या २४ चौकटी. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलं तरी १२ चित्रं लागतात, म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीला ३६०. "एवढ्याशा व्हिडिओला एवढे पैसे?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की मी आधी त्याचा धंदा विचारतो. यंत्रमागवाला असेल तर त्याला लगेच उमजतं. बाकीच्यांना चहा पाजावा लागतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चार माग सांभाळायचे. दिवसपाळी, रातपाळी, जशी लागेल तशी. खोकला कायम. मागाच्या खात्यात कापसाची धूळ उडते, ती केसांवर, भुवयांवर बसते आणि छातीतही जाते. १९९३ च्या पावसाळ्यात ते गेले. मी चौथीत होतो, धाकटी बहीण बालवाडीत. घरात त्यांचा एकच फोटो, लग्नातला. त्यात ते इतके ताठ उभे आहेत, की तो माणूस मला कधी ओळखीचा वाटलाच नाही. मला आठवायची ती त्यांची चाल. रातपाळीला निघाले की गल्लीच्या टोकापर्यंत त्यांची पाठ दिसायची, हातात डबा आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली.

आई आधी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला जायची. पुढं तिला कापड तपासायचं काम मिळालं. उताराच्या टेबलावरून कापड सरकत राहतं आणि तुटलेला धागा, सुटलेलं पीक, तेलाचा डाग दिसला की खूण करायची. आठ तास उभं राहून. तिची नजर तिथं तयार झाली. ही नजर पुढं आमच्या धंद्याला किती उपयोगी पडणार होती, ते तेव्हा कुणाला ठाऊक!

पाचवीपासून मी शाळा सुटल्यावर एका पेंटरकडं जायला लागलो. सगळं गाव त्यांना पेंटरमामा म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, मंडळांचे फलक, भिंतीवरच्या सिमेंटच्या जाहिराती. पहिलं वर्षभर मी फक्त ब्रश धुतले. नंतर दोरीला निळीची पूड लावून रेघ मारायला शिकलो, मग अक्षरांत रंग भरायला. अक्षराची बाह्यरेषा मात्र मामाच काढायचे. "रंग कुणीबी भरंल, वळण हातात यावं लागतं," असं ते म्हणायचे. शनिवारी हातावर पैसे ठेवायचे आणि ते मी आईला द्यायचो.

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरीची फी स्वतःच्या खिशातून भरली. पुढं इंटरमिजिएटला बसवलं. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. समोर काही ठेवत नाहीत, आठवून काढायचं. मी मागाच्या खात्याचं दार काढलं, दारातून आत जाणारी पाठमोरी माणसं काढली. श्रेणी ब आली. सर म्हणाले, "सगळी माणसं एकाच बाजूला कलली आहेत रे." ते बरोबरच होतं. मला एकच माणूस काढता येत होता.

दहावीनंतर कोल्हापूरच्या कलामहाविद्यालयात. एसटीचा पास काढून रोज जाऊन-येऊन. कोल्हापूर म्हणजे कलानगरी, बाबूराव पेंटरांचं गाव, 'प्रभात' फिल्म कंपनी इथंच १९२९ साली सुरू झाली आणि मग पुण्याला गेली, हे सगळं तिथं भिंतीच कानात सांगतात. मला मात्र वेड लागलं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी काड्यापेटीतल्या काड्या कॅमेऱ्यासमोर ठेवून, जरा हलवून, एक फ्रेम घेऊन, पुन्हा जरा हलवून, अशी 'आगकाड्यांची मौज' केली होती, असं एका व्याख्यानात ऐकलं. त्या रात्री मी चुलीजवळची काड्यापेटी घेऊन बसलो. कॅमेरा नव्हता. जुन्या वहीच्या कोपऱ्यावर पानापानावर काडी काढली आणि पानं फर्रकन सोडली. काडी उभी राहिली, वाकली, पडली. बहिणीनं ते पन्नास वेळा बघितलं.

२००५ साली पुण्यातल्या एका स्टुडिओत लागलो. परदेशी मालिकांचं काम यायचं. मुख्य चित्रं तिकडून, मधली चित्रं आम्ही काढायची. खालून उजेड येणाऱ्या काचेवर कागद ठेवायचे, वरच्या आणि खालच्या चित्राच्या बरोबर मधलं तिसरं काढायचं. पैसे चित्रागणिक. पहिल्या महिन्याचा हिशेब हातात आला तेव्हा मला हसूच फुटलं. अण्णांच्या पिकाच्या मजुरीतून सुटलो आणि चित्राच्या मजुरीला लागलो! पण हात तिथंच तयार झाला, हे मान्य करायला हवं. चालण्याचं चक्र मी तिथं शिकलो. पाय टेकतो ते चित्र, वजन येऊन शरीर खाली बसतं ते, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो ते आणि शरीर वर उचलतं ते. मग दुसरा पाय. बारा फ्रेमला एक पाऊल धरलं तर दोन पावलांना बरोबर एक सेकंद. जाडा माणूस, म्हातारा, दारू प्यालेला, घाईत असलेली बाई, सगळे याच चार जागांवरून ओळखू येतात.

२००८ ची मंदी आली आणि तिकडचं काम आटलं. २००९ मध्ये मी पेटी घेऊन परत इचलकरंजीत. तीन वर्षं एका फ्लेक्सच्या दुकानात काढली. या फ्लेक्सनंच पेंटरमामांचा धंदा बसवला होता, आणि मी त्याच मशिनसमोर बसून कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीत वाढदिवसाच्या शुभेच्छा मांडत होतो. वरती नेते, मधे 'भावी' कोणीतरी, खाली शुभेच्छुकांचे साठ चेहरे. साठ चेहरे कापून चिकटवण्यात हात चांगला बसतो, पण डोकं बधिर होतं. मामा कधी दुकानावरून गेले तर मी मान खाली घालायचो. ते मात्र आत येऊन बोर्ड बघायचे आणि म्हणायचे, "अक्षराची जागा सोडायला शिक."

२०१२ च्या दसऱ्याला घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं सुरू केलं. फ्लेक्सच्या दुकानातला एक पोरगा, पुण्यातला एक मित्र आणि मी. दोन जुने संगणक, पेनानं चित्र काढायचा एक वॅकॉमचा टॅब्लेट, तोही आलटून पालटून. सुरुवातीला लग्नपत्रिकांचे व्हिडिओ, केबलवरच्या जाहिराती. भारनियमनाच्या वेळा बघून रेंडर, म्हणजे चित्रांचा पक्का व्हिडिओ बनवायला संगणक, लावायचो. वीज जायची तेव्हा समोरचे माग थांबायचे आणि गल्ली एकदम शांत व्हायची. त्या शांततेनं पोटात गोळा यायचा, कारण इन्व्हर्टर वीस मिनिटंच टिकायचा.

पार्श्वभूमीची चित्रं कोण काढणार हा प्रश्न होता. मी पेंटरमामांकडं गेलो. ते तेव्हा नंबरप्लेटा रंगवत होते. म्हटलं, मामा, गाव काढायचं आहे, नदी, घाट, कौलं, आणि त्यात माणूस एकही नको, माणसं आम्ही घालतो. त्यांनी पोस्टर कलरमध्ये पंचगंगेचा घाट काढून दिला. आम्ही तो स्कॅन केला आणि त्यावर आमचं पात्र चाललं. मामा पडद्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "माझ्या पायऱ्यांवरनं चाललाय की रं हा!" ते शेवटपर्यंत आमच्याकडं पार्श्वभूमी करत राहिले. त्यांच्या ब्रशांचा डबा अजून माझ्या टेबलावर आहे.

कर्जाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांचीच सारखी असते. २०१५ मध्ये मुद्रा योजना आली, त्यातल्या किशोर गटात पाच लाखांपर्यंत मिळत होतं. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "माल कुठं ठेवता?" मी लॅपटॉप उघडून दाखवला. ते बघत राहिले आणि म्हणाले, "हे झालं, पण माल?" चार खेपा घातल्या, संगणकांचं कोटेशन जोडलं, मग एकदाचं कर्ज झालं.

खरा फटका २०१६ ला बसला. एका व्हिडिओ चॅनेलवाल्यानं बालगीतांच्या २६ भागांचं काम दिलं. तोंडी व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके' एवढीच नोंद. पहिल्या चार भागांचे पैसे वेळेवर आले, म्हणून आम्ही चार पोरं अजून घेतली. सगळे भाग दिले. शेवटच्या फाइली गेल्या आणि फोन उचलणं बंद झालं. तीन लाख चाळीस हजार. आमची गाणी त्याच्या चॅनेलवर वाजत होती, शेजारची पोरं ती म्हणत होती आणि माझ्याकडं पगाराला पैसे नव्हते. पगाराच्या आदल्या दिवशी आईनं पितळी डब्यातून बोरमाळ काढून समोर ठेवली. अण्णांनी तिला केलेला तो एकच दागिना. म्हणाली, "पोरांचा पगार चुकवू नगो. आपल्याला कुणी चुकवला की कसं वाटायचं, ठाऊक हाय मला." मी ती गहाण ठेवून पगार केले. बोरमाळ सोडवायला तीन वर्षं लागली.

या धंद्यात नवे येणाऱ्या पोरांना मी चित्रकलेपेक्षा या भागाबद्दल जास्त सांगतो. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. पण उद्योगाची सरकारी नोंदणी कामाच्या आधीची हवी. आमची नोंदणी तेव्हा नव्हती, त्यामुळं वकिलानं कागद बघून परत दिले. आता उद्यम नोंदणी आहे, निम्मे पैसे आधी घेतो, कामाचा लेखी आदेश असल्याशिवाय पेन उचलत नाही आणि पूर्ण पैसे येईपर्यंत व्हिडिओवर आडवी आमची खूण असते. काही गिऱ्हाइकं यामुळं तुटली. तुटू देत.

धंदा वर आला तो एका विचित्र कारणानं. २०२० च्या डिसेंबरअखेर फ्लॅश प्लेअर बंद झाला. दहा-पंधरा वर्षांत शाळांसाठी केलेले फ्लॅशमधले धडे अनेकांकडं पडून होते, ते एका दिवसात निकामी झाले. त्यात टाळेबंदी, सगळं शिक्षण मोबाइलवर. जुने धडे नव्यानं व्हिडिओत करून द्यायचं काम आमच्याकडं आलं. पचनसंस्था, जलचक्र, पानिपतची तिसरी लढाई. एका वर्षात आम्ही इतकी जलचक्रं केली, की आमचा एक पोरगा ढग बघितला तरी वैतागायचा. त्याआधी ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर आलो होतो हे नशीब. ते फुकट आहे, आणि २०१९ च्या आवृत्तीपासून त्यात सपाट चित्रंही सरळ काढता येतात. परवान्याचे पैसे वाचले त्यात दोन टॅब्लेट आले.

आज आम्ही नऊ जण आहोत. ठिबक सिंचनाचे, गरोदर बायकांच्या आहाराचे, बँकेच्या ओटीपी फसवणुकीचे माहितीपट करतो. जाहिराती येतात. आई कामावर जायची बंद झाली, पण संध्याकाळी स्टुडिओत येऊन बसते. पडद्यावर काही चाललं असलं की बोलते, "थांब, मागं घे. इथं धागा तुटलाय." पहिल्यांदा पोरं हसली. मागं नेऊन फ्रेम मोजल्या तर खरंच एक चित्र गळालेलं होतं. तेव्हापासून फायनल फाइल आईला दाखवल्याशिवाय जात नाही. तिला मी तपासणी खात्याचं पद दिलंय, पगार मात्र ती घेत नाही, चहा घेते.

गेल्या वर्षापासून शनिवारी दुपारनंतर गिऱ्हाइकाचं काम बंद ठेवतो आणि आमचा स्वतःचा चार मिनिटांचा लघुपट करतो. रातपाळीला निघालेला एक माणूस, एवढीच गोष्ट. चालण्याचं चक्र मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. दोन-दोन फ्रेम न धरता पूर्ण २४ चित्रं काढली. उजव्या हातात डबा, डावा खांदा खाली. महिनाभर त्याच एका सेकंदावर बसलो होतो. मागच्या शनिवारी ते आईला दाखवलं. तिनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. पोरं श्वास रोखून उभी.

"चाल त्यांचीच हाय," ती म्हणाली. "पर खांदा उजवा. सुताचा बीम मागावर चढवताना उजवा खांदा द्यायचे ते. तू कायम पाठीमागनं बघायचास न्हवं, मग इसरलास कसं?"

तीस वर्षं मी डावाच धरून बसलो होतो. एक पोरगा म्हणाला, सर, आरशासारखं उलटवूया, एका क्लिकचं काम आहे. पण उलटवलं तर डबा डाव्या हातात जातो, आणि डबा उजव्याच हातात असायचा, हे आईही म्हणते. शनिवारी पुन्हा पहिल्या चित्रापासून काढायला घेतलंय. सात झालीत.