छापलेली कसर

टोकियोतील ज्या कार्यशाळेत मी जुन्या कागदांच्या जतनाचे काम करतो, तेथे एकदा प्रदर्शनापूर्वीच्या तपासणीसाठी जपानी चित्रकार त्सुकिओका योशितोशी याचे १८९० सालचे एक ठसाचित्र आले. लाकडी ठशांवरून छापलेल्या त्या चित्रासोबतच्या नोंदीत ‘चौकटीला सर्व बाजूंनी कसर लागली आहे, कडा भरून घ्याव्यात’ अशी सूचना होती.

चित्र कुझुनोहाचे होते. शिनोदाच्या रानात आबे नो यासुना याने ज्या पांढऱ्या कोल्हिणीचे प्राण वाचवले, ती स्त्रीरूप घेऊन त्याच्या घरी नांदली, तिला मुलगा झाला आणि खरे रूप उघड झाल्यावर तिला घर सोडावे लागले, अशी ही कथा आहे. योशितोशीने नेमकी निरोपाची घडी निवडली आहे. मूल आईच्या वस्त्राला बिलगले आहे आणि कागदी सरकत्या दारावर तिच्या डोक्याची जी सावली पडली आहे, ती कोल्ह्याची आहे. भय दाखवण्यासाठी त्याला सुळे किंवा रक्त लागलेले नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

कागद प्रकाशमेजावर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या काचेच्या मेजावर ठेवताच नोंदीतला घोटाळा उलगडला. चित्राभोवतीची छापील चौकट जेथे कुरतडल्यासारखी दिसत होती, तेथे कागद सलग होता आणि कोझोचे (ज्या झाडाच्या सालीपासून जपानी कागद करतात त्याचे) लांब तंतू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे न तुटता गेले होते. ती कसर छापलेलीच होती. हे चित्र ज्या मालिकेतले आहे, त्या १८८९ ते १८९२ या काळात निघालेल्या छत्तीस भुताखेतांच्या मालिकेत अशी जीर्ण चौकट सर्वत्र आढळते.

योशितोशीचे गुरू कुनियोशी यांनी १८४३ मध्ये जाळे विणणारा राक्षसी कोळी आणि त्याची पिशाच्चसेना यांचे त्रिपट (तीन कागदांवर पसरलेले) चित्र काढले, तेव्हा लोकांनी त्यात शासनाच्या जाचक सुधारणांवरील टीका वाचली आणि प्रकाशकाने ते बाजारातून मागे घेतले. शिष्याचा काळ वेगळा होता. इनोऊए एन्र्यो यांच्यासारखे विचारवंत भुतांना अंधश्रद्धा ठरवत होते, रेल्वे धावू लागली होती. अशा वेळी या कथाच जुन्या पोथीसारख्या झिजत चालल्या आहेत, हे योशितोशीने चौकटीतून सुचवले असावे, असे माझे मत आहे.

गंमत अशी, की उजव्या कडेला, छापलेल्या कुरतडीला अगदी खेटून, टाचणीच्या डोक्याएवढे एक खरे छिद्र होते आणि त्यातून प्रकाश आरपार येत होता. मेइजी काळातील (१८६८ ते १९१२) कृत्रिम रंग ओलाव्याने पसरतात, म्हणून गव्हाच्या सत्त्वाची अगदी घट्ट खळ घेऊन मी तेवढ्याच जागी मागून पातळ कागदाचे ठिगळ लावले. अहवालाला जोडलेल्या छायाचित्रावर ते छिद्र लाल शाईने आणि कलावंताची कुरतड निळ्या शाईने दाखवली. कडा भरण्याची सूचना मात्र ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या संमतीने रद्द करून घेतली.