१० मीटरची तार, ६३० मीटरची लहर

घरच्या आवारात फार तर १० मीटर उंचीचा खांब उभा राहतो आणि त्यावरून ज्या लहरी सोडायच्या त्यांची लांबी ६३० मीटर. पाव लहरीचा उभा अँटेना वरच्या, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीच्या बँडवर (पट्ट्यावर) आपण सहज उभारतो. इथे, ४७५ किलोहर्ट्झच्या आसपास, तो १५८ मीटर उंच लागेल. १३६ किलोहर्ट्झवर लहर २२०० मीटरची, म्हणजे पाव लहर साडेपाचशे मीटर. कमी फ्रीक्वेन्सीवर हौशी रेडिओ चालवणाऱ्या माणसाची जी काही खटपट चालते ती सगळी या तफावतीतून निघते. मी त्यात उतरले ते घरातल्या साध्या सामानावर कुठवर पोचता येतं हे पाहायला.

हौशींसाठी असे दोन बँड आहेत. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ २०१२ च्या. मर्यादा ठरते ती प्रत्यक्ष हवेत जाणाऱ्या ताकदीवर: १ वॉट ईआयआरपी (सगळ्या दिशांना सारखं पाठवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या हिशोबात मोजलेली ताकद), ४७२ च्या बँडवर काही अटींसह ५ वॉट. ट्रान्समीटर कितीचा आहे याला तिथे महत्त्व नाही. देशोदेशीचे नियम वेगळे असल्यामुळे आपल्या परवान्यात हे बँड आहेत का, हे सर्वांत आधी पाहावं.

सुरुवात ऐकण्यापासून केली आणि तीच योग्य सुरुवात आहे असं माझं ठाम मत झालं आहे. जे ऐकू येत नाही त्याला उत्तर देता येत नाही, आणि या बँडवर ऐकणं हेच निम्म्याहून जास्त काम आहे. रिसीव्हर म्हणून थेट काही किलोहर्ट्झपासून वर ऐकणारा छोटा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) होता. त्याला बाहेरची लांब तार जोडल्यावर ४७५ किलोहर्ट्झला वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावर सरकत जाणाऱ्या सिग्नलांच्या चित्रात, दिसली ती उभ्या रेघांची दाट जाळी. घरातल्या प्रत्येक चार्जरचा, एलईडी दिव्याचा, टीव्हीचा स्विचिंग सप्लाय काही दहा किलोहर्ट्झपासून शेकडो किलोहर्ट्झपर्यंत ओरडत असतो. त्याच पट्टीत आपले दोन्ही बँड बसलेले आहेत.

हा गोंगाट शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. लॅपटॉप आणि रिसीव्हर बॅटरीवर चालवायचा, घराचा मेन स्विच बंद करायचा आणि वॉटरफॉल बघायचा. उरलेला गोंगाट शेजारचा किंवा निसर्गाचा. मग एकेक एमसीबी चालू करत कोणती रेघ कशाबरोबर उगवते ते लिहून ठेवायचं. माझ्या घरात सर्वांत मोठा वाटा राउटरच्या अडॅप्टरचा आणि एका एलईडी पट्टीच्या ड्रायव्हरचा निघाला. अडॅप्टरच्या जागी जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बसवला, पट्टी काढून टाकली.

तरीही एक सलग भुरभुर राहिली होती. ती अँटेनातून येतच नव्हती. कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून, घराच्या अर्थिंगमधून चढून येत होती. वरच्या बँडवर केबलला फेराइटची क्लिप लावून भागतं. ४७५ किलोहर्ट्झला एका क्लिपचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण तिचा इंडक्टन्स या फ्रीक्वेन्सीला फारच अपुरा पडतो. त्यामुळे फेराइट रिंगवर दोन पूर्ण वेगळ्या वाइंडिंगचा छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला आणि अँटेनासाठी घरापासून दूर स्वतंत्र अर्थ रॉड ठोकला. तांब्याचा एकही धागा इकडून तिकडे जात नाही म्हटल्यावर भुरभुर बसली.

ऐकण्यासाठी पुढे लूप अँटेना बनवला. १ मीटर बाजूच्या लाकडी चौकटीवर तारेचे १० वेढे, आणि जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर). इंडक्टन्स साडेतीनशे मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो, त्यामुळे सव्वातीनशे पिकोफॅरडवर तो ४७५ ला जुळतो. १३६ साठी समांतर आणखी साडेतीन हजार पिकोफॅरड जोडावे लागतात. लूपचा खरा गुण त्याच्या आंधळ्या दिशेत आहे. चौकट फिरवून ती दिशा गोंगाटाकडे केली की गोंगाट खाली जातो आणि हवा तो सिग्नल जागेवर राहतो. शिवाय मध्यम लहरींवरची ताकदवान प्रसारण केंद्रं रिसीव्हरला दडपून टाकत होती, म्हणून पुढे ५०० किलोहर्ट्झच्या वर कापणारा लो-पास फिल्टर बसवला.

मग बँडच्या आजूबाजूला किती जीव आहे ते कळलं. विमानांना दिशा दाखवणारे एनडीबी हे बीकन दोन-तीन अक्षरांची ओळख मोर्समध्ये अखंड देत राहतात. दिवसा जवळचे तेवढे येतात. अंधार पडला की आयनोस्फिअरचा खालचा डी थर विरतो, शोषण थांबतं आणि शेकडो किलोमीटरवरचे बीकन एकामागून एक वर येऊ लागतात. ५१८ किलोहर्ट्झला जहाजांसाठीचं नॅव्हटेक्स, म्हणजे लेखी सूचनांचं प्रसारण असतं, तेही लॅपटॉपवर उलगडून वाचता येतं. रिसीव्हर तपासायला याहून चांगली सोय नाही.

आणि मधेच ५०० किलोहर्ट्झ. आता शांत असलेली ही फ्रीक्वेन्सी मी अजूनही आवर्जून बघते. जहाजांच्या संकटसंदेशांची ही जागा. १९१२ मध्ये टायटॅनिकची हाक इथेच, तेव्हाच्या भाषेत ६०० मीटरवर गेली. दर तासाला १५ व्या आणि ४५ व्या मिनिटाला तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचं, असा नियम होता, आणि रेडिओरूमच्या घड्याळावर ते भाग लाल रंगवलेले असत. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही जहाजांच्या संकटसंदेशांची नवी व्यवस्था पूर्ण लागू झाली आणि मोर्सची ती पहाऱ्याची सक्ती संपली. आपला ६३० मीटरचा बँड तिच्या शेजारचाच आहे.

आता पाठवण्याकडे. अँटेना म्हणजे १० मीटर वर चढणारी आणि पुढे ३० मीटर आडवी जाणारी तार, उलट्या एल आकाराची. एलसीआर मीटरवर तिचा कपॅसिटन्स २४० पिकोफॅरड आला. तारेला मीटरमागे पाच-सहा पिकोफॅरड या ढोबळ हिशोबाशी तो जुळतो. म्हणजे विजेच्या दृष्टीने हा अँटेना एक छोटा कंडेन्सरच आहे आणि त्याला ४७५ किलोहर्ट्झवर रेझोनन्समध्ये (सुरात) आणायला सुमारे ४७० मायक्रोहेन्रीची लोडिंग कॉइल हवी. १६० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर साध्या प्लास्टिक आवरणाच्या वायरचे पंचावन्न वेढे घातले की तेवढी होते. पाइपच्या आत लहान पाइपवर थोडे वेढे घालून ते मोठ्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडले आणि एका लाकडी दांडीवर फिरते ठेवले. या व्हेरिओमीटरने इंडक्टन्स थोडा खाली-वर करता येतो, आणि तो करावाच लागतो. पाऊस पडला, झाडं ओली झाली, तार वाऱ्याने झुकली की रेझोनन्स सरकतो.

इथवरचं काम मजेचं. खरं काम अर्थिंगचं. अशा बुटक्या अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे रोधाचा तो भाग ज्यातली ताकद खरोखर हवेत जाते, परिणामी (प्रत्यक्ष कामी येणाऱ्या) उंचीच्या वर्गावर ठरतो. माझ्याकडे ती उंची साधारण ८ मीटर धरली तर ४७५ किलोहर्ट्झला पाव ओहम येतो. आणि नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या उपकरणावर रेझोनन्सला दिसत होते ८० ओहम. उरलेले पावणेऐंशी ओहम म्हणजे निव्वळ नुकसान! त्यातले पाच-सहा ओहम कॉइलचे, बाकी सगळे जमिनीचे आणि भोवतालच्या झाडाझुडपांचे, भिंतींचे. २० वॉट दिले तर अर्धा अँपिअर करंट वर जातो आणि हवेत पडतात जेमतेम ६० मिलिवॉट.

या टप्प्यावर मोठा ॲम्प्लिफायर बांधायचा मोह होतो. मी तो बाजूला ठेवून आडव्या तारेच्या खाली जमिनीलगत तारा पसरल्या, त्यांच्या टोकांना रॉड ठोकले, आणि वर चढणारी तार झाडापासून काही मीटर लांब नेली. प्रत्येक बदलानंतर अँटेनातला करंट मोजायचा, एवढा एकच नियम ठेवला. त्यासाठी फेराइट रिंगमधून अँटेनाची तार ओवून, दुसऱ्या वाइंडिंगवर डायोड आणि जुनं सुईचं मीटर लावलं. एसडब्ल्यूआर मीटर फक्त जुळणी सांगतं. जमिनीत वाया जाणारी ताकद त्याला दिसत नाही. करंट मात्र खोटं बोलत नाही. रोध हळूहळू ४० ओहमवर उतरला, त्याच २० वॉटवर करंट ०.७ अँपिअर झाला आणि हवेतली ताकद दुप्पट, सुमारे १२० मिलिवॉट. बुटक्या उभ्या अँटेनासाठी त्याची तिप्पट धरायची: ईआयआरपी एक तृतीयांश वॉटच्या किंचित वर.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. २० वॉट ऐकायला किरकोळ वाटतात, पण या अँटेनावर त्यांचं शिखर व्होल्टेज १४०० च्या आसपास जातं. तार आणि कॉइलचं वरचं टोक कुणाचाही हात पोचणार नाही असंच हवं. आणि ढग गडगडायला लागले की अँटेना रिसीव्हरपासून सोडवून थेट अर्थला.

ट्रान्समीटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एसआय ५३५१ ची चिप फ्रीक्वेन्सी तयार करते, मायक्रोकंट्रोलर तिला चालवतो, जीपीएस मॉड्यूल वेळ देतं, आणि पुश-पुलमधले दोन आयआरएफ ५४० मॉस्फेट १२ व्होल्टवर चौकोनी लहर बाहेर टाकतात. मात्र फिल्टरमध्ये काटकसर करू नये. ४७५.७ किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रीक्वेन्सीची नको असलेली लहर) १४२७ किलोहर्ट्झवर, म्हणजे थेट मध्यम लहरीच्या रेडिओवर पडतो.

मोड, म्हणजे संदेश पाठवायची पद्धत, निवडला डब्ल्यूएसपीआर, सगळे म्हणतात तो व्हिस्पर. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी तो २००८ मध्ये हौशींसाठी आणला. कॉलसाइन (परवान्यातली ओळख), स्थान आणि ताकद एवढाच मजकूर, तो ११० सेकंदांत संथपणे, जेमतेम ६ हर्ट्झच्या पट्टीत जातो. सम मिनिटाला सुरुवात, म्हणून घड्याळ एखाद्या सेकंदाच्या आत अचूक हवं. २५०० हर्ट्झच्या गोंगाटाशी तुलना करता उणे २८ डीबीचा, म्हणजे गोंगाटाहून शेकडो पटींनी क्षीण सिग्नलही उलगडतो. कानाला तिथे काहीच नसतं. ऐकणारी स्टेशनं नोंद आपोआप इंटरनेटवर टाकतात.

दिवसाउजेडी पहिली नोंद शंभरेक किलोमीटरवरची आली, जमिनीलगतच्या लहरीने. सूर्य मावळल्यावर अंतरं वाढत गेली आणि मध्यरात्रीनंतर दीड हजार किलोमीटरवरच्या एका स्टेशनवर माझी कॉलसाइन उणे २६ डीबीने उतरली. एक तृतीयांश वॉट! मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. पुढच्याच खेपेला नोंद नाही, त्यानंतर उणे २२. या बँडवर सिग्नल मिनिटामिनिटाला नाही, तर दहा-वीस मिनिटांच्या संथ लयीत चढतो-उतरतो. वादळी दिवसांत लांबच्या विजांचा कडकडाट सगळं झाकून टाकतो. थंडीतल्या मोठ्या रात्री सर्वांत फळतात.

१३६ किलोहर्ट्झ ही पुढची पायरी, आणि तिथे प्रत्येक आकडा अंगावर येतो. त्याच तारेला आता ५.७ मिलिहेन्री हवेत: ३० सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या ड्रमवर दीडशेच्या वर वेढे, जवळजवळ दीडशे मीटर वायर. रेडिएशन रेझिस्टन्स २० मिलिओहम, नुकसान १०० ओहम. १०० वॉट दिले की १ अँपिअर करंट, २० मिलिवॉट हवेत, आणि तारेच्या टोकाला सात हजारांजवळ शिखर व्होल्टेज. पहिल्यांदा पूर्ण ताकद दिली तेव्हा अंधारात इन्सुलेटरपाशी निळसर ठिणगी चमकली. लगेच बंद करून लांब काचेचा इन्सुलेटर लावला आणि तारेचं टोक वळवून गोल केलं, टोकदार काही ठेवलं नाही.

एवढ्या ताकदीला व्हिस्परची दोन मिनिटंही कमी पडतात. म्हणून सध्या एफएसटी४डब्ल्यू या व्हिस्परसारख्याच मोडचा अर्ध्या तासाचा प्रकार चालवते. एकच संदेश तीस मिनिटं जातो आणि उणे ४५ डीबीच्या जवळपासचाही उलगडतो; बदल्यात फ्रीक्वेन्सी हर्ट्झच्या बारीक अंशापर्यंत स्थिर लागते, तेव्हा साध्या क्रिस्टलऐवजी तापमान-भरपाईचा ऑसिलेटर बसवला आहे. नोंदी तुरळक येतात, एका रात्रीत एखादी, कधी दोन. आता आडव्या तारेला समांतर, मीटरभर अंतराने दुसरी तार टाकायची आहे. कपॅसिटन्स वाढला की ड्रमवरचे वेढे कमी होतील, टोकाचं व्होल्टेज उतरेल, आणि वरच्या भागात करंट जास्त टिकल्यामुळे परिणामी उंचीही थोडी वाढेल. दोर, इन्सुलेटर आणून ठेवले आहेत. तार चढवली की आधी करंट मोजायचा.