सांगणारा कुठे उभा आहे

ओळखीतलं कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतंच. घरी आलं की कपाटासमोर उभं राहून विचारतात, प्रवासात हातातलं पुस्तक बघून विचारतात. "तुम्ही कादंबऱ्याही वाचता, भुताच्या गोष्टीही वाचता, कविता वाचता, पाककृतींचं पुस्तकसुद्धा कथेसारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता. मग तुमची आवड नक्की कोणती?" बरीच वर्षं मी "चांगलं असेल ते सगळं" असं म्हणून वेळ मारून नेली. परवा मैत्रिणीच्या मुलीने हेच विचारलं आणि वर "चांगलं म्हणजे काय?" हेही विचारलं. तिला त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जमेल तसं सांगते.

पुस्तक कुठल्याही प्रकारचं असो, सुरुवातीची वीस-पंचवीस पानं मी एकच गोष्ट शोधत असते. हे सांगणारा कुठे उभा आहे? त्याला हे कुठून दिसलं, किती दिसलं, आणि दिसलं तेवढंच तो सांगतो आहे का? ही जागा पक्की असली की भाषा ओबडधोबड असली तरी मी त्या माणसाबरोबर कुठेही जायला तयार असते. जागा डळमळीत असली तर सुंदर वाक्यंही मला धरून ठेवू शकत नाहीत.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचलं तेव्हा हे मला पहिल्यांदा लख्ख कळलं. कोकणातल्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे चांगली दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं म्हणून ते चुलत्याला बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाले. साल १८५७. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा गोडसे शहरातच होते. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली, त्यांच्या मागे. त्यात तोफा आहेत, लूट आहे, रस्त्यांवरची प्रेतं आहेत, राणी आहे, आणि हे सगळं अशा माणसाच्या डोळ्यांनी दिसतं ज्याला आपला जीव आणि गाठीची चार नाणी सांभाळून घरी पोचायचं आहे. इतिहासाचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतलेली नाही. म्हणून तर घराघरांत शिरलेली ती भीती आजही कागदावर ओली वाटते. त्या काळाबद्दल मी नंतर इतिहासकारांची जाडजूड पुस्तकंही वाचली. सैन्याच्या हालचाली, तारखा, कारणं त्यांतूनच समजली. पण वेढ्यातल्या शहरात विहिरीवर पाणी आणायला जाणं म्हणजे काय, ते भटजींनी दाखवलं.

यामुळेच ऐतिहासिक कादंबऱ्यांशी माझं पूर्वीसारखं जुळत नाही. हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं, मलाही सांगताना वाटतं. रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' १९६२ साली आली. मी ती पंधराव्या वर्षी वाचली आणि थेऊरच्या प्रसंगाला पुस्तक उराशी धरून रडले. माधवराव गेले तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते, हे मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. त्या रडण्याचं मोल मी आजही कमी करणार नाही. पण आता वाचताना माधवराव आणि रमाबाई एकांतात बोलू लागले की मनात येतं, हे ऐकायला तिथे होतं कोण? कादंबरीकाराला कल्पनेने तिथे जायचा हक्क आहे, तो मला मान्य आहे. त्रास वेगळाच होतो. अशा कादंबऱ्यांतले संवाद लोक पुरावा म्हणून देतात, वादात तोंडावर फेकतात, आणि खरीखुरी पत्रं न वाचलेली माणसं त्या संवादांवरून कुणाला देव ठरवतात, कुणाला खलनायक. कादंबरी एवढ्या प्रेमाने लिहिलेली असते की तिच्यातला सांगणारा दिसेनासा होतो आणि वाटतं, काळच बोलतो आहे. ते मला धोक्याचं वाटतं.

पुराणकथांवरच्या कादंबऱ्यांबद्दल माझं मत याहून कडक आहे. 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांनी कर्णाची गोष्ट कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा वेगवेगळ्या मुखांनी सांगितली. बेत फार मोठा. एकाच माणसाकडे सहा जागांवरून बघायचं! पण वाचताना मला सहा आवाज ऐकू येत नाहीत. सूताच्या घरात वाढलेला शोण आणि राजवाड्यात वाढलेला दुर्योधन एकाच अलंकारांनी मढलेल्या भाषेत बोलतात, उपमांची तीच रांग दोघांच्याही तोंडी येते. जागा बदलल्या, पण आवाज बदललाच नाही. कर्णाच्या दुःखाने लाखो वाचक हलले, त्यांच्या भावनेला मी खोटं म्हणत नाही. माझ्यापुरतं एवढंच, की महाभारताकडे परत जायचं असलं की माझा हात इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'कडे जातो. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली संहिता, समोर ठेवून लिहिताना संहितेत काय आहे आणि आपला तर्क कुठे सुरू होतो, याची रेघ त्या वाचकाला दिसेल अशी ओढतात. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा का, हा प्रश्न त्या उभा करतात, पण तर्क म्हणूनच. द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी त्यांनाही कल्पनेचा मोह होतो, आणि तेव्हा इथून पुढचं आपल्या पदरचं आहे हे सांगूनच त्या पुढे जातात. ते वाचताना मला दर वेळी भरून येतं. एवढी मोठी विदुषी, आणि वाचकाला अंधारात ठेवायला तिचं मन घेत नाही.

कल्पित कथांना ही कसोटी लावणं अन्यायाचं आहे, असं एकाने मला सुनावलं होतं. मला ते पटत नाही, उलट तिथे ती जास्तच उपयोगी पडते. शेरलॉक होम्सच्या ५६ कथा आहेत. एरवी गोष्ट सांगणाऱ्या मित्राला, वॉटसनला, बाजूला ठेवून होम्सने स्वतः लिहिल्या म्हणून येतात अशा त्यांत दोनच, आणि त्या दोन्ही फिक्या पडतात. कारण होम्सला सगळंच ठाऊक. तो सांगायला बसला की काहीतरी मुद्दाम झाकून ठेवावं लागतं आणि ते झाकणं आपल्याला जाणवतं. वॉटसनचं तसं नाही, तो आपल्याच शेजारी उभा असतो. जे दिसतं ते त्यालाही दिसतं, फक्त त्याचा अर्थ त्याला लागत नाही, आपल्यालाही लागत नाही. रहस्यकथेचा सगळा प्रामाणिकपणा या एका निवडीत आहे. ऐन शेवटी कुठून तरी जुळा भाऊ काढणारी पुस्तकं मी अर्ध्यावर सोडते आणि त्याचं मला काही वाटत नाही.

भयकथांत नारायण धारप मला प्रिय आहेत, पण त्यांच्याही सगळ्याच कथा सारख्या नाहीत. जिथे 'समर्थ' हे त्यांचं पात्र येतं तिथे माझी भीती ओसरते, कारण सगळं जाणणारा माणूस दारात आलेला असतो. ज्या कथेत साध्या घरातला साधा माणूस रात्री एक आवाज ऐकतो आणि तो कशाचा हे त्याला शेवटपर्यंत धड कळत नाही, ती वाचल्यावर मी दिवा मालवत नाही.

विज्ञानकथेचं म्हणाल तर जयंत नारळीकरांची एक गोष्ट मला त्यांच्या कथांइतकीच आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं ते नाव. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाने आपल्या नावाचा आधार काढून घेतला आणि कथेला तिच्या पायांवर उभं केलं. त्यांची भाषा सरळ आहे, पात्रं कधी कधी पातळ वाटतात, हे मीही म्हणेन. पण विज्ञान कुठवर खरं आणि 'समजा असं झालं तर' कुठून सुरू, यात त्यांच्या कथांतला सांगणारा घोटाळा करत नाही. शाळकरी मुलांच्या हाती मी त्या निर्धास्तपणे देते.

आत्मकथनांवर तर मी तासन्‌तास बोलू शकते. तिथे माणूस स्वतःकडेच बघत असतो, त्यामुळे उभं राहायला जागा सापडणं सगळ्यांत अवघड. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्याच्या आरंभी दोन माणसं भेटतात. एक दगडू मारुती पवार, आणि त्याचं ऐकणारा शिकलासवरलेला दया पवार. दोघं एकच. शहरात लेखक झालेल्या माणसाला महारवाड्यातल्या मुलाचं आयुष्य थेट 'मी' म्हणून सांगताना किती अंतर कापावं लागतं, हे त्या मांडणीने एका फटक्यात दाखवलं. गावकुसाबाहेरच्या त्या जगण्यातलं सगळंच त्यात येतं, स्वतःची लाचारीही येते. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, अशाही गोष्टी येतात. मी तो अनुभव जगलेली नाही. पुस्तकाने मला 'तुला समजलं' अशी शाबासकी दिली नाही, दगडूचं बोलणं ऐकायला बसवलं.

'कोसला' या कादंबरीने मला फार वाट पाहायला लावली. १९६३ साली ती आली तेव्हा भालचंद्र नेमाडे ऐन पंचविशीत होते. मी कॉलेजात असताना वाचली ती सगळे वाचत होते म्हणून, आणि तिच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकरचा, तो तुटक, उडवून लावणारा सूर मला खोटा वाटला. पुढे आमच्या घरात एक अकाली मृत्यू झाला. वर्षभराने पुस्तक पुन्हा उघडलं आणि त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते त्या भागाशी येऊन थांबले. तोवर सगळ्या जगाला उडवून लावणाऱ्या त्या मुलाची भाषा तिथे कोलमडते. त्याला रागवायला नीट शब्दही सापडत नाहीत. मग मागची सगळी पानं मला वेगळी दिसू लागली. तो सूर खोटा नव्हता. एवढ्या दुःखाला दुसरं काय करायचं हे न कळणाऱ्या पोराचा होता. त्या दिवसापासून न आवडलेलं पुस्तक मी कुणाला देऊन टाकत नाही.

कवितेबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तिच्याबद्दल जास्त बोललं की ती निसटते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गात, आणि मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्यांनी ती गाणी कागदावर उतरवली म्हणून आपल्यापर्यंत आली. १९५२ साली पुस्तक निघालं तेव्हा त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. जात्याजवळ, शेताच्या बांधावर उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच त्यांनी पाहिलं, आणि तेवढ्यात जगणं-मरणं सगळं मावलं. मर्ढेकर याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, यंत्रांच्या शहरात. त्यांची कविता मी दिवसाला एकच वाचते आणि कळली नाही तर दुसऱ्या दिवशी तीच वाचते.

राहता राहिलं ते पाककृतींचं पुस्तक, ज्याचं लोकांना नवल वाटतं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि त्यातली मापं वाटी-चमच्यांची आहेत. या एका गोष्टीवरून बाई कुठे उभ्या आहेत ते कळतं. त्या ओट्याशी, आपल्या बाजूला आहेत. 'अंदाजाने घालावे' म्हणून नवशिकीला वाऱ्यावर सोडत नाहीत. याउलट यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारी बहुतेक पुस्तकं शिखरावरून खाली बोलतात, आणि तो माणूस वर कसा पोचला ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. ती मी वाचत नाही.

आणि एकच पुस्तक सांगा म्हणाल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नवरा, कवी ना. वा. टिळक, न सांगता घर सोडून निघून जातो, १८९५ साली ख्रिस्ती होतो, बायको माहेर आणि सासर यांच्या मध्येच लोंबकळते, सोवळ्या-ओवळ्याने भरलेलं तिचं मन हळूहळू मोकळं होतं, आणि शेवटी ती स्वतः विचार करून त्याच्या धर्मात येते. यात रडगाणं किती झालं असतं! बाई मात्र तक्रार करत नाहीत आणि टिळकांचा लहरीपणा झाकतही नाहीत. पुढे काय घडणार हे म्हातारपणी लिहिताना त्यांना ठाऊक होतं, तरी त्या शहाणपणाने त्यांनी त्या वेळच्या भाबड्या मुलीला कुठेही सुधारलेलं नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली ती पोर अकरा वर्षांचीच राहते, तिला जेवढं कळत होतं तेवढंच कळतं.

१९३६ साली त्या गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो त्यांच्या मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला. त्याने ते प्रेमाने आणि जबाबदारीने केलं आहे. पण दर वेळी वाचताना मी त्या पानाशी पोचते आणि पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवते. आईच्या जागी आता मुलगा उभा असतो, आणि ते पहिल्याच ओळीत ऐकू येतं.